विनार्तीबाईंचा मोकळा रविवार

विनार्तीबाईंची चूक झाली ती निघतानाच. क्लातेन गावात कोणी परगावी निघालं की शेजाऱ्यांना विचारतं, "काही आणू का?" आणि शेजारी म्हणतात, "काही नको, सुखरूप या." विचारणाऱ्याला आणायचं नसतं, ऐकणाऱ्याला मागायचं नसतं. पण बाईंनी हे विचारलं भिशीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, आणि त्या पडल्या गल्लीच्या मुखियाच्या बायको. संध्याकाळपर्यंत तेरा जणींनी मागण्या टाकल्या. "सुखरूप या" म्हणाल्या त्या एकट्या मर्यातीबाई.

जाकार्तात भाचीचं लग्न शनिवारी उरकलं. रविवारची परतीची गाडी संध्याकाळी सहाची. नवरा, सुपार्दी, गल्लीच्या कामात अडकून घरीच राहिलेला. म्हणजे सबंध दिवस बाईंचा, एकटीचा. एकतीस वर्षांच्या संसारात असा दिवस पहिलाच. त्यांना फार काही नको होतं. नव्या मेट्रोत खिडकीशी बसून शेवटच्या स्थानकापर्यंत जायचं, तिथल्या टपरीवर वाडगाभर शेवया खायच्या. कोणाला वाढायचं नाही, कोणासाठी थांबायचं नाही, बस्स.

सकाळी आठला त्या तानाह आबांगच्या कापडबाजारात शिरल्या. म्हटलं, दहापर्यंत यादी उरकू. एन्दांगबाईंना नमाजाचा पांढरा झगा हवा होता. बाईंनी फोटो पाठवला, लगेच व्हिडिओ कॉल आला.

"हा पांढरा नाही हो वहिनी, दुधाळ आहे. जरा उजेडात धरा."

"धरलाय."

"आता फारच पांढरा दिसतोय."

मागून तितिकबाईंचा आवाज आला, "हिचं झालं की माझं बघा. आणि घाई करू नका, तुम्हाला आज दुसरं काय काम आहे?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडून मात्र निघालं, "हो हो, सावकाश होऊ द्या." मुखियाच्या बायकोला नाही म्हणता येत नाही, आणि विनार्तीबाईंना तर मुखियाशी लग्न होण्याआधीही येत नव्हतं. दुपारचं जेवण त्यांनी कापडाच्या ताग्यांमध्ये उभ्याउभ्या उरकलं.

चारला तीन फुगलेल्या पिशव्या घेऊन त्या मेट्रोत बसल्या. खिडकी मिळाली. शेवटपर्यंत जाऊन परतायला वेळ जेमतेम पुरणार होता. शेवया राहू देत, निदान गाडी तरी. पहिली काही स्थानकं जमिनीखालून, त्यामुळे बाहेर नुसती काळी भिंत. तीही त्या कौतुकाने बघत होत्या. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"मर्यातीबाईंचं काय घेतलंस?"

"त्यांनी कुठे काय मागितलं?"

"अगं, मागितलं नाही म्हणून काय झालं? तेरा घरी पिशव्या जाणार आणि त्यांच्या दाराशी काही नाही? बरं दिसत नाही ते."

दुसऱ्या स्थानकावर त्या उतरल्या. बाजाराकडे परतणारी गाडी पकडायला समोरच्या फलाटावर गेल्या. पलीकडे त्यांची गाडी निघून गेली, आता थोड्याच वेळात ती उजेडात वर येणार होती. बाईंना रडू आलं. पिशव्यांमुळे हात मोकळा नव्हता, म्हणून डोळे तसेच ओले राहिले.

सहाच्या गाडीत बसल्यावर नवऱ्याचा पुन्हा फोन आला. "मर्यातीबाईंसाठी काही मिळालं?"

"झगा घेतला."

"छान. फिरलीस ना मनसोक्त?"

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "मला पुन्हा यायचंय इथे."

"जाऊ की," सुपार्दी मायेने म्हणाले. "पुढच्या वेळी मी येतो बरोबर. एकटी कंटाळली असशील."