कपाटातला चष्मा

माझे वडील, अण्णा, शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत प्रेसशॉपला, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या विभागात, सुपरवायझर होते. त्यांची माणसं त्यांना मागून ‘चष्मेवाले काका’ म्हणायची, कारण डोळ्यांवर सेफ्टीचा चष्मा नसला की ते माणसाला मशीनजवळ फिरकू देत नसत. एकदा एका जुन्या ऑपरेटरला त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. तो चिडून म्हणाला होता, “काका, इतक्या वर्षांत काय झालं का मला?” अण्णा म्हणाले होते, “व्हईपर्यंत काहीच व्हत नसतं.” हे घरी आईला सांगताना ते हसत होते.

ते रिटायर झाले त्या वर्षीच मी बाळंतपणासाठी गारखेड्याला माहेरी आले. रिकामं बसायची सवय नसल्यामुळे अण्णा दिवसभर घरात काहीतरी खुडबूड करायचे. नळाची तोटी बदल, दाराची कडी बसव, असं चालायचं. एक दिवस त्यांनी लोखंड कापायचं ग्राइंडर आणलं. गच्चीवर पडलेल्या जुन्या लोखंडी कॉटचे काटकोनी अँगल कापून त्यांना पाळण्याचा स्टँड बनवायचा होता. मी म्हटलं, “अण्णा, बाजारात तयार मिळतो की.”

“तयार स्टँड लई हलके असतात, माय. पोरगं जरा मोठं झालं की पाळण्यासकट कलंडायचं.”

तो नळाला पाणी यायचा दिवस होता. आई मोटार लावून गच्चीवर टाकी भरत होती. मी ओट्यापाशी मेथी निवडत बसले होते आणि अण्णा मागच्या अंगणात होते. विटांच्या दोन थप्प्यांवर त्यांनी अँगलची दोन्ही टोकं टेकवली होती. अँगलच्या कोपऱ्यात कापायचं चाक पोचत नव्हतं, म्हणून त्यांनी ग्राइंडरचा गार्ड काढून पायरीवर ठेवला. मला ते खिडकीतून दिसत होतं. त्या लोखंडी कवचाचं काम काय असतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

ग्राइंडरचा आवाज कानात घुमत होता. मधेच तो जाड झाला, काहीतरी फुटल्यासारखं झालं, आणि मग फक्त पाण्याची मोटार ऐकू येत राहिली. अण्णा ओरडले नाहीत. मी दारात गेले तेव्हा ते खाली बसलेले होते, एक हात चेहऱ्यावर होता आणि बोटांमधून रक्त येत होतं. ग्राइंडर जमिनीवर फिरून थांबत होतं. त्यांनी दुसरा हात माझ्याकडे केला आणि म्हणाले, “जवळ येऊ नको. आधी बटण बंद कर. भिंतीवरचं.”

मी बटण बंद केलं. मग आईला हाका मारल्या, पण मोटारीच्या आवाजात तिला ऐकू येईना. पोट सांभाळत मी जिना चढले.

शेजारच्या दादांनी त्यांच्या गाडीतून आम्हाला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाहेर आले ते आईकडे न बघता माझ्याशीच बोलले. डावा डोळा वाचणार नव्हता. आम्ही आत गेलो तर अण्णा पट्टी बांधून पडले होते. मला वाटलं, ते रडतील. ते म्हणाले, “एक टोक मोकळं सोडायचं असतं. दोन्ही टोकं टेकवली की अँगल मधून वाकतो, काप मिटतो अन् चाक अडकतं. मंग ते फुटणारच.” थोड्या वेळाने पुन्हा तेच सगळं सांगितलं. आईने त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, “पुरे आता.”

बाळ झालं. मुलगी. अण्णांनी तिला घेतलं, पण उजव्या बाजूलाच धरायचे, डाव्या हाताकडे तिचं डोकं येऊ द्यायचे नाहीत. कोणी भेटायला आलं की सांगायचे, काचबिंदू होता, उशीर झाला. गंगापूरच्या काकांना, स्वतःच्या भावालाही, हेच सांगितलं. आईने एकदा विचारलं, “अहो, खोटं कामून बोलता?” ते उठून आतल्या खोलीत गेले. एका डोळ्याने अंदाज चुकायचा, चहा ओतताना तो कपाबाहेर जायचा, म्हणून त्यांनी चहा ओतणंच सोडलं. बाहेर जाणंही सोडलं. मी सासरी परत जायची तारीख पुढे ढकलत राहिले.

एक दिवस त्यांचे कंपनीतले एक जुने सहकारी आले. अण्णांनी त्यांनाही काचबिंदूच सांगितला. पण पाणी द्यायला आलेल्या आईला राहवलं नाही, तिने खरं ते सांगून टाकलं. मग ते सहकारी चाचरत म्हणाले, “साहेब, सकाळच्या सेफ्टी मीटिंगमधी हे सांगितलं तर चालंल का? तुमचं नाव न घेता?”

अण्णांनी मान खाली घातली. मला वाटलं, ते चिडणार. पण म्हणाले, “तुम्ही चुकीचं सांगाल. मीच येतो.”

मी बाळाला आईकडे ठेवून त्यांच्यासोबत गेले. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी माणसं रांगेत उभी होती. त्यातली बरीचशी नवीन होती, त्यांनी अण्णांना पाहिलेलं नव्हतं. जुने मात्र त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते. अण्णा नीट बोलायला लागले. कॉट, विटा, अँगल, गार्ड कामून काढला, सगळं ओळीने सांगत होते, जणू दुसऱ्याच कुणाचं काम तपासत होते. चाक फुटल्याचं सांगून ते थांबले.

मागून एका कामगाराने हळूच विचारलं, “काका, घरी चष्मा नव्हता का?”

“होता,” अण्णा म्हणाले. “रिटायर झालो तवा तुम्हीच दिला होता. नवा. कपाटात होता.”

भोंगा झाला, माणसं आपापल्या मशीनकडे गेली आणि प्रेसचे धक्के सुरू झाले. अण्णांना कोणीतरी खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही.

गेटबाहेर रिक्षाची वाट बघत आम्ही उभे होतो. मी म्हटलं, “बरं झालं सांगितलंत. ऐकतील ते.”

“इथं ऐकतील. इथं दारात कोणीतरी उभं असतं.” ते रस्त्याकडे बघत होते. “घरी नाय घालणार.”

“कशावरून?”

“मी कुठं घातला?”

रिक्षा आली. चढताना त्यांचा पाय पायरीच्या शेजारी पडला आणि ते पुढे झुकले. मी दंड धरला. एरवी त्यांनी हात झटकला असता. त्या दिवशी नाही झटकला. गारखेडा येईपर्यंत त्यांनी माझा हात तसाच राहू दिला.