सूनबाई स्कूल बोर्डाला उभ्या राहिल्या तेव्हा

दह्याचे रिकामे डबे आणि किस्से या दोन गोष्टी अमेरिकेतल्या मराठी घरात कुणी मुद्दाम जमवत नाही, त्या जमतात. डबे गराजमध्ये जातात. किस्से मी इथल्या मराठी पाक्षिकातल्या माझ्या सदरात घालते.

आमचे संपादक तरुण आहेत. ते दर वेळी म्हणतात, "बाई, या खेपेला वॉशिंग्टनवर काहीतरी खुसखुशीत येऊ द्या ना!" मी उत्तर देते, "वॉशिंग्टनकडे पाहणारे पुष्कळ आहेत. आमच्या वेस्ट विंडसरच्या गल्लीकडे कोण पाहणार?"

यंदा तर निवडणूक शेजारच्या घरातच शिरली. सुमनताई आणि अप्पा यांची सून राजश्री स्कूल बोर्डाच्या एका जागेसाठी उभी राहिली. समोर होत्या श्रीमती हॉफमन, अनेक वर्षे तीच खुर्ची सांभाळणाऱ्या. शाळेची संध्याकाळची बस बंद झाली होती आणि राजश्रीला ती पुन्हा सुरू करायची होती.

"मावशी, आईबाप दोघंही नोकरीला, मग मुलांनी बँड आणि टेनिस सोडायचं का? मला खरंच जिंकायचंय," ती म्हणाली. "म्हणून प्लीज, रिझल्ट लागेपर्यंत आमच्यावर कॉलम नको!"

मी शब्द पाळला. आता रिझल्ट लागला आहे.

*

अप्पा पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. सप्टेंबरात वादळ झाले आणि कोपऱ्यावरचे प्रचाराचे सगळे फलक आडवे झाले. सकाळी अप्पा हातोडी घेऊन गेले आणि सगळे फलक उभे करून आले. सगळे!

"अप्पा, हॉफमनचासुद्धा?" राजश्री जवळजवळ किंचाळलीच.

"पडला होता. बघवेना."

"निदान आपल्यापेक्षा जरा बुटका तरी ठेवायचा!"

"छे! एका रेषेत आहेत. लेव्हल लावून बघ."

*

त्यानंतर राजश्रीने अप्पांना घरांची यादी देऊन दारोदार पाठवले. प्रत्येक घरापुढे मतदाराचा कल लिहायचा होता. अप्पा दिवेलागणीला परतले. यादीतली पाच घरे झाली होती. त्यांपुढे सुवाच्य अक्षरात शेरे होते: "पन्हाळ पानांनी तुंबली आहे." "छतावर दक्षिणेकडे पाणी साठते." "डेकची फळी कुजली आहे, कल्पना दिली."

"अप्पा, पण मत कोणाला देणार?"

"पहिल्याच भेटीत असं कसं विचारायचं?"

पुढच्या आठवड्यात लायब्ररीत दोन्ही उमेदवारांची जाहीर चर्चा झाली. बस, बजेट, परीक्षा, सगळे बोलून झाले. शेवटी मागच्या रांगेतून एक उंच गृहस्थ उठले. "माझा एकच प्रश्न आहे. माझी पन्हाळ साफ करून गेलेले सद्गृहस्थ कोणत्या उमेदवाराकडचे?"

राजश्रीने हळूच हात वर केला. त्या संध्याकाळी सर्वांत मोठा टाळ्यांचा कडकडाट झाला तो तेव्हाच!

*

अप्पा केव्हाच अमेरिकेचे नागरिक झाले होते; सुमनताई मात्र वीस वर्षे ग्रीन कार्डावर समाधानी होत्या. सून निवडणूक लढवणार असे घरात ठरताच त्यांनी नागरिकत्वाचा अर्ज भरला. त्यांची तयारी रोज दुपारी माझ्या डायनिंग टेबलावर चाले. राज्यघटनेपासून झेंड्यावरच्या पट्ट्यांपर्यंत सगळे प्रश्न मी त्यांच्याकडून घोटून घेतले. एकही गाळू दिला नाही.

मुलाखतीच्या दिवशी मी सोबत गेले आणि बाहेरच्या खुर्चीत बसले. आतला प्रसंग सुमनताईंनी नंतर सांगितला. अधिकाऱ्याने मोजके प्रश्न विचारले, उत्तरे बरोबर आली, त्याने फाइल मिटली आणि अभिनंदन केले. सुमनताई जागच्या हलल्या नाहीत.

"बाकीचे?" त्यांनी विचारले.

"बाकीचे काय?"

"प्रश्न. आमच्या बाई बाहेर बसल्यात. त्या मला विचारतील."

अधिकाऱ्याने दार किलकिले करून माझ्याकडे एकवार पाहिले. मग तो आत गेला आणि त्याने आणखी चार प्रश्न विचारले!

*

नवरात्रातल्या अष्टमीची संध्याकाळ. मी हळदीकुंकवाला सुमनताईंकडे गेले होते. एव्हाना सुमनताईंची नागरिकत्वाची शपथ होऊन मतदार यादीत नावही लागले होते. राजश्री प्रचाराला बाहेर होती. बेल वाजली. दारात श्रीमती हॉफमन, पावसात भिजलेल्या, हातात मोडकी छत्री. अंगणातला राजश्रीचा फलक त्यांनी पाहिला होता. तरी हसून म्हणाल्या, "यादीत तुमचं नाव आहे. मी यादीतलं घर सोडत नाही."

मला ही बाई तत्क्षणी आवडली.

सुमनताईंनी त्यांना बसवले, टॉवेल दिला, पोहे दिले, पुन्हा पोहे दिले. अप्पा छत्री दुरुस्त करायला गराजमध्ये गेले. मग सुमनताईंनी कुंकू लावून नारळ आणि खण यांनी त्यांची ओटी भरली. निघताना हॉफमनबाईंनी संकोचत विचारले, "मग तुमचं मत मला मिळेल का?"

"मिळेल," सुमनताई म्हणाल्या.

राजश्री घरी आल्या आल्या तिला हे कळले.

"आई, तुम्ही हो म्हणालात?"

"अष्टमीला दारी आलेल्या बाईची ओटी भरली. तिनं एक गोष्ट मागितली. नाही म्हणू?"

"अहो, पण मी उभी आहे!"

"तू आधी मागायचं होतंस. तू गृहीत धरलंस."

सर्वांत जास्त संतापले ते अप्पा. "घरचं मत परक्याला! इथं मी पन्हाळी उपसून एकेक मत गोळा करतोय!" त्यानंतर चार दिवस ते सुमनताईंशी बोलले नाहीत.

मतदानाच्या दिवशी दोघे बरोबर गेले आणि कोटाला 'मी मत दिले'चे स्टिकर लावून परतले. कुणी काही विचारले नाही.

राजश्री नऊ मतांनी जिंकली!

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉफमनबाई भोपळ्याचे गोड सारण भरलेला 'पाय' भाजून घेऊन अभिनंदनाला आल्या. राजश्रीला त्यांनी मनापासून मिठी मारली, बसच्या फाइली कुठल्या कपाटात आहेत तेही सांगितले. मग सुमनताईंचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "हरले, पण या घरातून मला एक मत नक्की मिळालं, हे मी विसरणार नाही."

सुमनताईंनी पोह्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली.

"एक नाही," त्या म्हणाल्या, "दोन."

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. अप्पा केव्हाच उठले होते.

"पन्हाळ बघून येतो. पाऊस येईलसं वाटतंय," असे म्हणून ते शिडी घेऊन लख्ख उन्हात निघून गेले.