शेठच्या डोक्यावरची जाळी

आमच्या कामतघरच्या यंत्रमागाच्या कारखान्यात आभाळातला दगड मोबाईलमधून आला. कुठल्याशा लांबच्या देशात उल्का छप्पर फोडून घरात शिरली आणि पलंगावर पडलेल्या बाईला लागली, असा व्हिडिओ शेठला कुणीतरी पाठवला होता. त्याने तो आम्हा सगळ्यांना दोनदोनदा दाखवला. बाई वाचली होती. शेठची मात्र झोप गेली.

त्याचं ऑफिस म्हणजे मागांच्या शेजारी एक टेबल, एक फिरती खुर्ची आणि वर सिमेंटचा पत्रा. त्या दिवसापासून तो खुर्ची इकडून तिकडे सरकवायला लागला, जसा काही दगड पत्ता विचारूनच निघतो. माझ्यासारखीच कांड्या भरणारी मावशी माझ्या कानाशी येऊन म्हणाली की एवढ्या मोठ्या आभाळातून एवढंसं टक्कल शोधायचं म्हणजे दगड शिकलेला पाहिजे. मी तोंडावर पदर धरून हसले. मोठ्याने हसायची मला सवय नाही, बोलायची तर अजिबातच नाही.

मला भीती होती ती धोट्याची. मी तीन नंबरच्या मागाजवळ बसून कांड्या भरते, म्हणजे लहान नळ्यांवर सूत गुंडाळते. ती कांडी धोट्यात बसते आणि धोटा मागावर डावीउजवीकडे धावतो. लाकडाचा असतो, टोकं लोखंडाची. तीन नंबरचा धोटा कधीकधी मागाबाहेरच उडतो. दिवाळीआधी तो मावशीच्या भुवईवर बसला. चार टाके पडले. बोटभर खाली लागला असता तर डोळा गेला असता. दुसऱ्या दिवशी शेठने मागाला हळदकुंकू लावून नारळ फोडला आणि खोबरं वाटलं, मावशीला जरा जास्त. मग मावशीला पलीकडच्या भिंतीला बसवलं आणि तिच्या जागेवर मला. मागाला जाळी लावा, हे वाक्य मी तेव्हापासून रोज घरून तयार करून आणत होते आणि संध्याकाळी तसंच परत नेत होते.

एका सकाळी टेमघरचा वेल्डर लोखंडी जाळीचं भेंडोळं घेऊन आला. आम्हाला वाटलं, नारळ पावला. पण त्याने टेप काढला तो शेठच्या खुर्चीभोवती. चार खांब, वर दुहेरी जाळी. दुपारपर्यंत शेठ मच्छरदाणीतल्या नवरदेवासारखा दिसायला लागला. तीन नंबर चालवणाऱ्या चाचांनी वेल्डरला विचारलं, पत्रा फोडून आलेला दगड जाळीला सलाम करून थांबणार का. शेठ कानात काडी घालत राहिला.

थोडी जाळी उरली. ती माझ्या घरच्या गच्चीवरच्या कबुतरांच्या खुराड्याला लाव, असं शेठ वेल्डरला म्हणाला. माझ्याआधी कबुतरांचा नंबर लागला म्हणून मला राग आला, आणि राग आला की लाज जरा मागे राहते. मी उठून टेबलापाशी गेले.

"शेठ, तो तुकडा तीन नंबरला लावा."

"तिथं वरून काय पडनार हाय?"

"वरून नाही. बाजूने धोटा येतो. मी तिथेच बसते."

एवढ्यानेच मला घाम फुटला. शेठ म्हणाला, बघू, त्या मागाचा नारळ तर फोडलाय. तेवढ्यात चाचांनी हात पुसले आणि तीन नंबर बंद केला. बाकीचे माग खडखडत होते, पण एक थांबला की शेठला लगेच कळतं.

"जाली लगेगी, तब चलेगा," चाचा म्हणाले आणि बिडी घेऊन दाराबाहेर जाऊन बसले.

शेठने वेल्डरकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, बंद मागाकडे पाहिलं. मग म्हणाला, कबुतरांना पंख आहेत, त्यांची ती बघतील.

जाळी जरा तिरकीच बसली. चार दिवसांनी धोटा सुटला, जाळीवर आपटला आणि तिथेच खाली पडला. मी तो उचलून चाचांना दिला. मग हात साडीला पुसले आणि पुढची कांडी भरायला घेतली.

थोड्या वेळाने मावशी आपलं स्टूल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. इकडे कशाला आलीस, असं शेठने आपल्या जाळीखालून विचारलं.

"तिथं पंखा लागत न्हाय," मावशी म्हणाली, आणि माझ्या टोपलीतलं सूत ओढून घेतलं.