लांडग्याच्या पिल्लाला लावलेला हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्या डॉक्टर मॅडमच्या हाताखाली इतकी वर्षं काम केलं त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण पिशोरच्या गयाबाईबद्दल आमच्याकडं जे बोललं जातं ते माझ्याच तोंडून पसरलंय — आणि ते खरं नाही.

मी संभाजीनगरकडच्या एका प्राणिसंग्रहालयात प्राण्यांचा राखणदार होतो. कुठलं, ते राहू द्या. लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे मटण टाकायचं आणि घाण काढायची. मी लागलो तेव्हा तसंच होतं. आमचं अस्वल सिमेंटच्या खोलीत दिवसभर एका जागी डोलत राहायचं. बघणारे म्हणायचे, नाचतंय. आम्हीही तेच म्हणायचो. पुढं मॅडम आल्या आणि म्हणाल्या, ते नाचत नाही, ते वेडं होतंय. मग खोलीच्या जागी मातीचं आवार झालं, ओंडके आले. खाणं आम्ही पोकळ लाकडात लपवायला लागलो, म्हणजे हुंगत शोधण्यात त्याचा वेळ जावा. डोलणं कमी झालं. जखमी, पोरके प्राणी आणायचे, जगवायचे आणि जमतील तेवढे परत रानात सोडायचे, हेही मॅडमनीच सुरू केलं. मी त्यात मनापासून होतो. खरंच होतो. म्हणून तर पुढचं सांगायला जड जातंय.

पिशोरहून लांडग्याची दोन पिल्लं आली. शेताच्या कडेनं चर खोदताना जेसीबीनं त्यांचं बीळ उघडं पडलं होतं. आई परत येईल म्हणून वनखात्याच्या लोकांनी वाट पाहिली, ती आली नाही. मग गाडीची सोय होईपर्यंत दोन-तीन दिवस पिल्लं त्या शेताच्या मालकिणीनं, गयाबाईनं, सांभाळली. नर धडधाकट होता. मादी मरायला टेकलेली. गयाबाईनं तिला मांडीवर घेऊन कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजलं. पिल्लं पोचवायला ती स्वतः गाडीतून आली आणि मॅडमना दबकत म्हणाली, "म्या दूध पाजलं, ते चुकलं तर नाय ना?"

"पाजलं नसतं तर ही इथवर आलीच नसती," मॅडम म्हणाल्या.

पिल्लांना मागच्या आवारात ठेवलं, लोकांच्या नजरेआड. चारी बाजूंनी हिरवी जाळी. मॅडमनी मला समोर बसवून सांगितलं — यांना परत सोडायचंय. त्यांच्याशी बोलायचं नाही, शीळ घालायची नाही, हात लावायचा नाही. खाणं सरकत्या फळीखालून आत ढकलायचं आणि निघायचं. माणूस म्हटलं की त्यांनी पळालंच पाहिजे. माणसाची भीती गेली की लांडगा वस्तीत शिरतो, आणि मग काठ्या-दगडांनी मारला जातो. या कामावर मला एकट्याला नेमलं. का? तर माझ्यावर त्यांचा भरवसा होता.

आता काय सांगू? मादी तेव्हा आजारी होती, खात नव्हती, म्हणून मी जवळ गेलो — असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण तसं नव्हतं. ती एव्हाना ठणठणीत होती, भावाचं शेपूट धरून ओढत होती. एका दुपारी सगळे जेवायला गेले होते. ती जाळीपाशी येऊन माझ्याकडं बघत बसली. मी बोट आत घातलं. तिनं ते चाटलं. बस्स, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी कानामागं खाजवलं. मग रोजच. घरात आम्ही दखनी बोलतो. तीच बोली तोंडात आली — "आ जा, मुन्नी." हळूहळू ती नुसत्या माझ्या पावलांनी धावत यायला लागली. नर मात्र दगडाआडून बघायचा, कधी जवळ आला नाही. इतकी वर्षं मी जनावरांची सेवा केली होती. वाघाला तुम्ही कितीही खाऊ घाला, तो तुमच्या आरपार बघतो. हिचं शेपूट मला बघून हलत होतं. ते मला हवं होतं. तिच्यासाठी नाही हो — माझ्यासाठी. आणि मी काय करतोय हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं.

सोडायच्या आधी परीक्षा होती. अनोळखी माणूस जाळीपाशी उभा करायचा आणि पिल्लं काय करतात ते बघायचं. वनखात्याचा एकजण उभा राहिला. नर दगडामागं नाहीसा झाला. मादी मात्र सरळ जाळीपर्यंत आली. मी मॅडमच्या मागं उभा होतो. ती माझ्याकडं बघून कुंईकुंई करायला लागली. मी दोन पावलं मागं सरलो.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मग वळून म्हणाल्या, "रफीक, तू हिच्याशी बोलायचास का?"

"नाही मॅडम," मी म्हणालो. "त्या पिशोरच्या बाईनं मांडीवर घेतली होती ना. तेव्हाचंच असणार."

त्यांनी मान डोलावली. दोन-तीन दिवसांच्या दुधानं अशी सवय लागेल का, ही शंका त्यांना आली असेल. पण माझ्या शब्दापुढं त्यांनी ती धरली नाही.

नराला कन्नडकडच्या डोंगरात सोडलं. त्याचं पुढं काय झालं ते कळलं नाही. मादी राहिली. भावाला नेल्यावर ती कित्येक दिवस संध्याकाळी मान वर करून ओरडायची आणि मग कान टवकारून ऐकत बसायची. पुढं तिला लोकांसमोरच्या आवारात आणलं.

त्यानंतर गयाबाई वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला आली होती, तिथून मुलाला घेऊन मुद्दाम आमच्याकडं आली. आवारासमोर उभी राहून बघत राहिली. मला म्हणाली, "भाऊ, दुसरा गेला म्हनं रानात. ही का वं राह्यली?"

मी म्हणालो, "माणसाची सवय लागली तिला, मावशी."

ती जाळीकडं वळली. मग हळूच म्हणाली, "माझ्यानंच झालं का हे? म्या मांडीवर घेतलं म्हनून?"

त्या वेळी आजूबाजूला कुणी नव्हतं. मॅडम नव्हत्या. नोकरीला धोका नव्हता. नाही म्हणायला काय लागत होतं?

"व्हय मावशी," मी म्हणालो. "माणसाचा हात लागला की असंच होतं."

तिनं पदर डोळ्यांना लावला. जाळीतून मुन्नी माझ्याकडं बघून शेपूट हलवत होती. गयाबाईनं विचारलं, "नाव काय ठेवलं हिचं?" मी म्हणालो, "आम्ही नावं ठेवत नाही."

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक. पण पुढं नवीन पोरं कामाला लागली, त्यांना शिकवायचं काम माझ्याकडं आलं. शाळेच्या सहली यायच्या, त्यांनाही मीच सांगायचो — जंगली जनावरावर माया करायची तर लांबून करा. आणि उदाहरण म्हणून पिशोरच्या बाईची गोष्ट सांगायचो. दर वेळी ती बाई थोडी जास्त अडाणी व्हायची. शेवटी शेवटी तर गोष्टीत मी तिला पिल्लू आठवडाभर घरात निजवायला लावलं होतं. पोरं हसायची. मीही हसायचो. आता माझ्यानंतरची पोरं तीच गोष्ट सांगतात.

गेल्या हिवाळ्यात मुन्नी म्हातारी होऊन गेली. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, पण निरोप आला म्हणून गेलो. काही दिवसांनी गयाबाईच्या मुलाचा फोन आला, आईला लांडगीची खबर हवीय म्हणून. मी सांगितलं. मग गयाबाई स्वतः बोलली. आवाज फार थकला होता. म्हणाली, "मला वाटत राहतं भाऊ, म्या हात नसता लावला तर ती बी रानात गेली असती."

फोन माझ्या हातात होता. मी म्हणालो, "शांतपणे गेली, मावशी." ती "बरं" म्हणाली. फोन बंद झाला.

गयाबाईनं त्या पिल्लाला जगवलं होतं. पिंजऱ्यात ते माझ्यामुळं राहिलं.