दिगंबरच्या सायकलची कुरकुर

सुधावहिनींचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होतो. "अहो, हे गेले..." त्या म्हणाल्या. "सायकलला तेल घातलं, जरा आडवे झाले, आणि उठलेच नाहीत. हातसुद्धा काळेच राहिले हो." दिगंबरला जायचंच होतं, तर ते असंच शोभलं, असं आता महिनाभराने वाटतं. तेव्हा मात्र मी ढसाढसा रडलो.

आम्ही दोघं एकाच शाळेत होतो. मी गणित शिकवायचो, तो भूगोल. निवृत्त झाल्यावर, जग नुसतं नकाशात दाखवलं, आता बघायचं, असं म्हणून लांबच्या प्रवासासाठी बनवलेली जुनी विलायती सायकल त्याने शोधून काढली. धायरीला एका गोठ्यात, कडब्यामागे होती. "सायकल चांगली हाय, नुस्ती पडून हाय," मालक म्हणाला. "मीही तसाच आहे," म्हणत दिगंबरने मालक सांगेल ती किंमत दिली. पुण्यातला माणूस घासाघीस करत नाही म्हणजे प्रकरण गंभीर आहे, हे मी तिथेच ओळखलं. पुढे या जगप्रवाशाची मजल कात्रजच्या डेअरीपलीकडे गेली नाही. दुधाच्या पिशव्या घेऊन परत.

कारण रविवार सगळा दुरुस्तीत जायचा. गॅलरीत वर्तमानपत्र पसरून त्यावर सायकल उलटी, आणि बेअरिंगचे छर्रे स्वयंपाकघरातल्या वाटीत, रॉकेलमध्ये बुडवलेले. एकदा त्याच वाटीत मला चटणी वाढली गेली. "घासलीय," दिगंबर म्हणाला, "आवडत नसेल तर डबा आणत जा."

त्याला छळायची ती एक कुरकुर. पायडल मारलं की यायची. चेन बदलली, चाकं उघडली, तरी होतीच. शेवटी सापडली ती सीटखालच्या स्प्रिंगमध्ये. तिथला नट आवळला, ग्रीस लावलं आणि सायकल गप्प झाली. आनंदाने त्याने मला जिलबी खाऊ घातली. पण वहिनींचा चेहरा उतरलेला. "फाटकाशी आवाज आला की मी चहा टाकायचे," त्या म्हणाल्या. "आता हे एकदम दारातच उभे. वाट बघायचीसुद्धा सोय राहिली नाही."

पुढच्या रविवारी दिगंबर पाना घेऊन बसला, ग्रीस पुसलं, नट सैल केला आणि कुरकुर परत आणली. बायकोवर एवढं प्रेम करताना मी त्याला दुसऱ्यांदा कधी पकडला नाही.

मागच्या आठवड्यात वहिनींनी सायकल मला दिली. "चालवा. उभी बघवत नाही." तो नट आवळायचा नाही, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

काल तिच्यावरून त्यांच्याकडे गेलो. फाटकातून कुरकुरत आत शिरलो, जिना चढलो, तर दार आधीच उघडं होतं आणि आल्याचा वास येत होता. वहिनींनी कप पुढे केला आणि एकदम थबकल्या. "अहो, तुम्ही बिनसाखरेचा घेता ना? हात आपोआप यांच्याच सवयीने..."

दिगंबरला दोन चमचे लागायचे. मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो.