काकीने काढलेली दृष्ट

माझ्या बहिणीच्या मृत्यूचा ठपका एका निरपराध बाईवर आला आणि माझ्या मौनामुळे तो तिच्यावरच राहिला. खरे काय ते मला ठाऊक होते.

बहिणीला रक्ताचा कर्करोग झाला होता. औषधांची पहिली फेरी संपवून तिला मुंबईहून आटगावजवळच्या सासरी आणले, तेव्हा तिच्या पांढऱ्या पेशी अगदी तळाला गेल्या होत्या. मी मुरबाडला शाळेत विज्ञान शिकवतो, म्हणून मेहुण्यांनी मला रजा काढून बोलावले आणि दारावर बसवले. दवाखान्यातून परतलेल्या माणसाला भेटायला न जाणे आमच्याकडे तुसडेपणाचे मानतात. बायका तांदूळ-नारळ घेऊन येत आणि मी त्यांना ओट्यावरूनच परतवी. समजावून सांगे, की जंतूंवर सर्वांत आधी धावून जातात त्या न्यूट्रोफिल पेशी, आणि त्याच हिच्या अंगात उरलेल्या नाहीत. लिम्फोसाइट जुना जंतू ओळखून ठेवतात, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे घडवतात. मोनोसाइट मेलेले, कुजलेले गिळून जागा साफ करतात. इओसिनोफिल पोटातल्या जंतांवर उठतात म्हटले की हशा पिके. बेसोफिलपर्यंत कोणी थांबतच नसे. एकीने विचारले, "मास्तर, एवढी फौज पळाली, नि तुमी एकले दारात बसून काय करनार?"

मीही हसलो होतो.

एका दुपारी औषधे आणायला शहापूरला गेलो असताना शेजारची काकी आत गेली. तिने मीठ-मिरची ओवाळून बहिणीची दृष्ट काढली, गालांवरून हात फिरवून बोटे स्वतःच्या कानशिलांवर मोडली. मी परतलो तेव्हा ती उंबऱ्यातच भेटली. सर्वांदेखत मी तिला नको तितके बोललो. ती मान खाली घालून निघून गेली.

काकी येऊन गेली त्याच्या आदल्या दिवशी मला स्वतःला ताप होता. गोळी घेऊन तो उतरवला आणि कोणाला सांगितले नाही. सांगितले असते तर दारावरची ती जागा सोडावी लागली असती, आणि त्या घरात माझ्या शिक्षणाला प्रथमच काही मान मिळत होता. त्याच संध्याकाळी मी बहिणीच्या उशाशी बसलो. तिला माझा चेहरा नीट पाहायचा होता, म्हणून मास्क हनुवटीवर ओढला आणि चमच्याने पाणी पाजले.

पुढे तिला ताप चढला. न्यूट्रोफिलच नसले की संसर्ग झालेल्या जागी धड पूही धरत नाही. शरीर झुंजल्याची खूणसुद्धा दिसत नाही. ती गेली. मेहुणे म्हणाले, काकीनेच आणले. मी जमिनीकडे पाहत राहिलो. जंतू कोणाकडून आला हे सांगता येत नाही, पुष्कळदा तो रोग्याच्याच आतड्यातला असतो, हेही मला माहीत होते. निदान तेवढे तरी मी बोलू शकलो असतो. त्यानंतर कोणाच्या बारशाला, कोणाच्या ओटीभरणाला काकीला बोलावणे गेले नाही.

यंदा बहिणीच्या मुलीची, माझ्या भाचीची, हळद होती. बायका एकेक करून तिला हळद लावत होत्या. काकी मांडवाच्या कडेला, खांबाच्या पलीकडे उभी होती. भाचीने तिला हाक मारली, तशी ती मागे सरली.

"नको गो पोरी. माजा हात बरा नाय."

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. इतक्या वर्षांत तिलाही ते पटून गेले होते. मी खुर्चीवरून उठलो, तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि मेहुण्यांना, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोललो.

"काकी, तुमच्या हातानं काही झालं नाही. ताप मला होता. तो लपवून मी तिच्याजवळ बसलो, आणि सगळे तुम्हाला दोष देत होते तेव्हा गप्प राहिलो. माझं चुकलं. मला माफ करा."