रतनबाईचे दोन ढीग

पुण्याहून प्रविण नावाचा एक तरुण कॅमेरा घेऊन आमच्या गावात आला, तेव्हा टोळी ऊसतोडीला निघायला आठच दिवस उरले होते. परदेशातली कुठलीशी संस्था देशोदेशींच्या कुटुंबांचं पुस्तक करत होती. घरातल्या झाडून सगळ्या वस्तू अंगणात मांडायच्या, माणसांनी मध्ये उभं राहायचं, फोटो काढायचा. मला तर हे उंटावरून शेळ्या हाकणंच वाटलं. पण गावात मास्तरशिवाय रिकामं कुणी नसतं असा समज आहे, म्हणून घर दाखवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. मी त्याला रतनबाईकडे नेलं. तिची बबिता माझ्या वर्गात, सातवीला.

इतर देशांत सामान काढायला म्हणे दोन-दोन दिवस लागले. रतनबाई आणि तिचा नवरा नाथा यांनी अर्ध्या तासात घर रिकामं केलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात; हिचं दर वर्षी दिवाळीनंतर निम्मं पाठीवर जातं आणि निम्मं घरी राहतं.

प्रविण बघतो तर अंगणात दोन ढीग. एकात तवा, ताडपत्री, पाण्याची टाकी, गोधड्या, दोन कोयते. दुसऱ्यात टीव्ही आणि पत्र्याची पेटी.

"मावशी, असे दोन का केले?"

"ह्यो जाणारा, ह्यो ऱ्हाणारा."

"फोटोसाठी एकत्र करायचंय."

"यकत्र कावून?" नाथा म्हणाला. "पुना येगळं करावं लागंल की."

फोटोचं दोघांनाही सांगितलं होतं. पण सामान बाहेर काढायचं ते ट्रॅक्टरवर चढवायला, एवढंच त्यांच्या हातांना ठाऊक होतं.

राहणारा ढीग यंदा फारच लहान होता. दर वर्षी रतनबाईचे सासरे तात्याबा आणि बबिता मागे राहत. म्हाताऱ्याच्या जिवावर पोरगी सातवीपर्यंत आली. तात्याबा श्रावणात वारले. आता तिला कुणाजवळ ठेवायचं? वसतिगृहात ठेवा, असं मी दोनदा जाऊन सांगितलं होतं. रतनबाई म्हणाली होती, "पोरगी मोटी झाली गुर्जी, रातचं कोन बगनार?" नाथानं नुसती मान हलवली होती. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नव्हतं. माझा जीव त्या मानेत अडकला होता.

प्रविणनं मोबाईलवर बाकीच्या देशांचे फोटो दाखवले. जपानातलं एक घर, सामानात आई-बाप आणि त्यांची पोरगी शोधावी लागत होती. रतनबाईनं बराच वेळ पाहिलं.

"लई सामान हाय. किती ट्रॅक्टर लागत्यात?"

"ते हलवत नाहीत मावशी."

"बारा म्हैने एकाच जागी?"

"हो."

"आन ही पोरगी कितवीला?"

प्रविणला ते माहीत नव्हतं. रतनबाईनं मोबाईल परत दिला. तिच्या चेहऱ्यावर हेवा नव्हता, दुःखही नव्हतं. मला मात्र त्या जपानी पोरीचा उगाचच राग आला, आणि थोड्या वेळानं तोही गेला.

फोटो निघाला. मग शेवटचा प्रश्न. तो सगळ्या देशांत विचारतात. घरात पुढची वस्तू कोणती घेणार? कुणी मोटार म्हणालं होतं, कुणी सोफा, कुणी गाय.

"कोयता," रतनबाई म्हणाली.

"दोन आहेत की."

"त्ये आमचे, जड हायेत. बबिताच्या हाताला पेलंल असा एक हालका घ्यायचाय."

बबिता तिथंच उभी होती. तिनं काही विचारलं नाही, म्हणजे तिला आधीच माहीत असणार. प्रविणनं लिहून घेतलं.

नाथा माझ्याजवळ आला. "गुर्जी, हजेरीत तिचं नाव ऱ्हाऊ द्या."

"ठेवतो," मी म्हणालो.